लाइक लपवा, फोटो छापा

ताडोबाच्या वाघाला शेकड्यांनी लाइक पडतात आणि तुम्ही काढलेल्या, पऱ्हाटीत वाकून कापूस वेचणाऱ्या मावशींच्या फोटोला जेमतेम सात. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर भडक रंग चटकन नजरेत भरतात, धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, सकाळचा मंद उजेड नाही. म्हणून लाइकसाठी रंग वाढवू नका. इन्स्टाग्रामवर 2021 पासून लाइकचा आकडा लपवता येतो. पोस्ट टाकतानाच लपवा. मग निवडक फोटो 4 बाय 6 इंचात छापून ज्यांचा काढला त्यांच्याच हाती द्या आणि त्यांची नजर कुठे थांबते ते बघा. आमच्या वावरातल्या मावशींनी आधी स्वतःच्या बोटांवरचे ओरखडे पाहिले, बोंडांच्या टोकांनी झालेले. पुढच्या वेचणीला मी जवळ बसून फक्त हातच टिपले.