घरातला स्टुडिओ मोडण्याआधी

फोटो स्टुडिओ मोडायचं ठरलं की हात आधी लाइटच्या स्टँडकडे जातात. माझेही गेले. दोन दिवसांत सॉफ्टबॉक्स (लाइटचा उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेट्या) उतरले, केबल गुंडाळल्या, पडदे धुवायला टाकले, आणि तिसऱ्या दिवशी एका जुन्या ग्राहकाचा फोन आला: गेल्या वर्षी काढला होता तसाच फोटो हवा. लाइट किती उंचीवर होता, चेहऱ्यापासून किती लांब, यातलं काही मी कधीच लिहून ठेवलं नव्हतं. ते सगळं खोलीच्या लक्षात होतं, आणि खोली मी नुकतीच मोडली होती.

म्हणून काहीही हलवण्याआधी खोलीची नोंद करा. नेहमीच्या तीन-चार मांडण्या शेवटच्या एकदा लावा. प्रत्येकीसाठी लाइटचं अंतर, उंची, कोन, पॉवर, ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वहीत उतरवा. मोबाइलवर मांडणीचा एक फोटो समोरून आणि एक बाजूनं घ्या. अंतर टेपनंच मोजा. सॉफ्टबॉक्स न लावलेला उघडा फ्लॅश दुप्पट लांब नेला तर प्रकाशाचा चौथा हिस्साच उरतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). अंदाजानं लिहिलेलं अंतर पुढे उपयोगाचं नसतं. जमिनीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणा आधी मोजा, मग खरवडा. खिडकीच्या उजेडावर काम करत असाल तर कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन आत येतं तेही लिहा. ही वही पुढे कुठल्याही खोलीत, अगदी अनोळखी माणसाच्या घरातही, कामाला येते.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड आहे आणि त्यालाच जास्त दिवस द्यावेत असं मला मनापासून वाटतं. पुढे काय काढायचं आहे याचा अंदाज आल्याशिवाय एकही वस्तू विकायला काढू नका. गेल्या काही वर्षांतले शंभरेक फोटो लहान आकारात छापून जमिनीवर पसरा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघू नका. पडद्यावर एका वेळी एकच दिसतो. आता त्यातले कुणीही न मागता काढलेले फोटो बाजूला करा. माझ्या त्या ढिगात सॉफ्टबॉक्ससमोरचे फोटो मोजकेच निघाले. बाकीचे जवळजवळ सगळे शूट संपल्यावरचे होते: दारात चपला घालणारी माणसं, मुलाचं स्वेटर शोधणारी आई, निघता निघता भिंतीला टेकून काहीतरी सांगणारे आजोबा. मला माणसं त्यांच्या जागी, त्यांच्या उजेडात काढायची होती हे त्या जमिनीवर कळलं. तुमच्या ढिगात वेगळं काही निघेल, पण तो ढीग बघितल्याशिवाय दिशा ठरवू नका.

दिशा बदलली म्हणजे जुनं सगळं टाकून द्यायचं असं नसतं. रिचर्ड ॲव्हडॉन मुळात स्टुडिओत घडलेला छायाचित्रकार. १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून त्यानं कामगारांची आणि भटक्यांची व्यक्तिचित्रं काढली, तेव्हा तो बाहेर सावलीत पांढरा कागद टांगायचा आणि समोर ८×१० इंचांच्या फिल्मचा कॅमेरा लावायचा. दिवे मागे राहिले, पांढरी पार्श्वभूमी बरोबर गेली. तुमच्याबरोबर काय जाणार ते असंच शोधा. ठरवण्यासाठी लाइट पेटीत बंद करून पेटीवर तारीख टाका आणि सहा आठवडे नवीन पद्धतीनंच काम करा. या काळात कोणती वस्तू हवी असून हाताशी नव्हती, ते दर वेळी त्याच वहीत लिहा. माझ्या वहीत सर्वाधिक वेळा आला तो घडीचा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परत फेकणारा पडदा. ज्या मोठ्या लाइटसाठी मी सर्वांत जास्त पैसे मोजले होते, त्याचं नाव एकदाही आलं नाही.

सहा आठवडे चालू असताना फोटोंच्या साठ्याकडे वळा. फायलींच्या किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कॉपी झाली म्हणून विश्वास ठेवू नका. चेकसम, म्हणजे फाइलवरून निघणारा पडताळणीचा आकडा, जुळवा, आणि अधल्यामधल्या काही फायली प्रत्यक्ष उघडून बघा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या एसएसडीवर (चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर) भरवसा ठेवू नये, वीज न मिळाल्यास त्यातला डेटा हळूहळू उडू शकतो. सामान हलवताना सगळ्या प्रती एकाच गाडीत ठेवू नका.

ग्राहकांना स्वतः कळवा. राहिलेली कामं, फायली किती दिवस सांभाळणार, यापुढे कोणत्या प्रकारचं काम घेणार नाही, हे लेखी द्या. वेबसाइट, ऑनलाइन नकाशे आणि बिलं यांवरचा घरचा पत्ता काढून टाका, नाहीतर लोक येत राहतात. साहित्याचा विमा असेल तर त्यातला पत्ता बदला.

आता पॅकिंग. फ्लॅश बंद करून टेस्ट बटण दाबा म्हणजे अनेक फ्लॅशमधला उरलेला चार्ज निघून जातो. तरीही तो कधीही उघडू नका, आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा झटका जीवघेणा ठरू शकतो. फ्लॅशच्या काचेवर टोपी घाला. ठेवून द्यायचा असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा चालू करा, पडून राहिलेला कपॅसिटर कमकुवत होतो. लिथियम बॅटऱ्या निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवा. विमानानं जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. १०० ते १६० वॅट-तासांची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी नेता येत नाही. पार्श्वभूमीच्या कागदाचा २.७२ मीटरचा रोल जिन्यातून वळतो का ते आधी मोजा, आणि ठेवताना उभाच ठेवा, आडवा बाक धरतो. लेन्स चामड्याच्या किंवा फोमच्या बंद पेटीत महिनोन्महिने नकोत. ओलावा धरला की बुरशी येते, आणि ती काचेवर एकदा खोल गेली की डाग जात नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशी सोय करा.

विकताना सीरियल नंबर टिपून घ्या आणि दोष आधीच सांगा. कॅमेरा रीसेट करा. कॉपीराइटच्या रकान्यातलं तुमचं नाव वेगळं पुसा, नाहीतर ते तसंच राहू शकतं आणि नवीन मालकाच्या प्रत्येक फोटोत जातं. मेमरी कार्ड विकूच नका, पुसलेले चेहरे परत काढता येतात.

खोली रिकामी झाली की रंगकामाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. जवळच्या कुणाला तरी बोलवा आणि खिडकीच्या उजेडात त्यांचा फोटो काढा. काळे पडदे आणि सामान गेलेलं असतं, पांढऱ्या भिंती चारी बाजूंनी उजेड परत फेकतात, सावल्या मऊ पडतात. वहीतले आकडे इथं लागू पडणार नाहीत, उजेड मोजणारा मीटर पुन्हा धरा.