जुन्या पंप अ‍ॅक्शन बंदुकीत पुंगळी अडकते? या चुका टाळा

बार होतो, हात मागे ओढावा तर फोरएंड, म्हणजे नळीखालची पुढेमागे सरकणारी मूठ, अर्ध्यात घट्ट बसतं. किंवा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा ठोकळा, पूर्ण मागे येतो आणि रिकामी पुंगळी, म्हणजे फुटलेल्या काडतुसाचं टरफल, नळीतच राहते. दोन्ही वेळा निदान एकच होतं: एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारी आकडी, गेला. मग नवा एक्स्ट्रॅक्टर मागवला जातो, बसवला जातो, आणि चार-पाच बारांनंतर पुंगळी पुन्हा अडकते. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच.

इथली माहिती मुख्यतः रेमिंग्टन ८७० डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. १९५० मध्ये अमेरिकेत आलेली ही बंदूक एक कोटीहून जास्त बनली, त्यामुळे जुनी पंप अ‍ॅक्शन म्हटलं की बहुधा हीच हातात येते. विंचेस्टर मॉडेल १२ किंवा इथाका ३७ ची रचना वेगळी आहे. इथाका तर पुंगळी बाजूने न टाकता खालून टाकते. पण चेंबर (नळीचा मागचा, काडतूस बसणारा भाग) आणि काडतुसाबद्दलचं सगळं त्यांनाही लागू पडतं.

भारतातल्या परवानाधारकांनी एक लक्षात ठेवावं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्तीच्या कामालाही परवाना लागतो. साफसफाई आणि तपासणी स्वतः करा. भाग बदलणं, चेंबर घासणं ही कामं परवानाधारक गनस्मिथकडेच द्या. काय बिघडलंय हे नेमकं सांगता आलं, तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

पुंगळी न पाहताच फेकून देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अडकलेली पुंगळी निघाली की ती उजेडात धरा आणि रिम, म्हणजे मागची बाहेर आलेली कड, नखाने चाचपा. एका जागी कड वाकलेली किंवा चावल्यासारखी खरवडलेली असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने ती नीट पकडली होती आणि जोरही लावला होता. पुंगळी सोडत नव्हतं ते चेंबर. रिम कोरीकरकरीत असेल, तर एक्स्ट्रॅक्टरची पकडच बसली नव्हती.

बंदुकीचं वागणंही तेच सांगतं. फोरएंड थोडं सरकून अडलं, तर चेंबर किंवा काडतूस तपासा. बोल्ट मोकळा मागे आला पण पुंगळी आत राहिली, तर एक्स्ट्रॅक्टर. पुंगळी चेंबरमधून निघून बाहेर पडायच्या खिडकीतच आडवी पडली, तर तो इजेक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा, प्रश्न आहे, किंवा फोरएंड पूर्ण मागे न ओढल्याचा. आणि ट्रिगर ओढलेलाच नाही, फोरएंडही जराही हलत नाही, तर बंदूक बिघडलेली नाही. ट्रिगर गार्डजवळची अ‍ॅक्शन रिलीजची पट्टी दाबल्याशिवाय ती उघडतच नाही.

दस्ता जमिनीवर आपटणं

आपटल्याने पुंगळी कधीकधी निघते, म्हणून ही सवय टिकून आहे. पण लाकडी दस्ता मनगटाजवळ तडकतो. त्याहून वाईट म्हणजे आत न फुटलेलं काडतूस असेल, तर आपण भरलेली बंदूक आपटत असतो, तीही नळी तोंडाच्या दिशेला असताना. बार झाला नसेल तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, कारण काही काडतुसं उशिरा पेटतात. त्यानंतरही निघालं नाही तर आहे तशीच बंदूक, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, गनस्मिथच्या हवाली करा. जिवंत काडतूस पुढून दांडा घालून कधीही ठोकू नका.

पुंगळी रिकामी आहे याची पूर्ण खात्री असेल, तरच पुढून लाकडी दांडा घाला. बारा बोअरच्या नळीचा व्यास साधारण १८.५ मिमी असतो आणि फुल चोक, म्हणजे नळीचं आवळलेलं तोंड, त्याहून अरुंद, म्हणून १५-१६ मिमीचा दांडा पुरतो. फोरएंड हलकेच मागे ताणून धरा आणि दांड्यावर तळहाताने टिचक्या मारा. लोखंडी सळई वापरू नका.

दोष बंदुकीत शोधणं, काडतुसाकडे न बघणं

काडतुसाच्या मागच्या टोकाची पितळेची टोपी बाराच्या दाबाने फुगते आणि लगेच थोडी आकसते. त्या आकसण्यामुळेच ती चेंबर सोडते. स्वस्त काडतुसांना पितळी मुलामा दिलेली पोलादी टोपी असते. ती फुगते, पण तितकी आकसत नाही. चेंबर जरासं खरबरीत असलं की तिथेच चिकटते. ओळखायला सोपं आहे: फ्रीजवरचं लोहचुंबक टोपीला लावा. चिकटलं तर पोलाद. ती काडतुसं बाजूला ठेवून त्याच बंदुकीत खऱ्या पितळी टोपीची दहा काडतुसं चालवा. अनेकांचा प्रश्न इथेच संपतो.

दुसरी गोष्ट लांबी. जुन्या बंदुकांचं चेंबर ६५, ७० किंवा ७६ मिमीचं असतं आणि ते नळीवर कोरलेलं असतं. काडतुसावर लिहिलेली लांबी ही फुटल्यानंतर तोंड उघडल्यावरची असते, त्यामुळे ७० मिमीचं काडतूस ६५ मिमीच्या चेंबरमध्ये बिनतक्रार जातं. फुटताना मात्र तोंड उघडायला जागा नसते, दाब वाढतो आणि पुंगळी अडकते. इथे पुंगळी अडकणं हा इशारा समजा आणि ती काडतुसं ताबडतोब थांबवा.

८७० मध्ये याचाच एक चुलतभाऊ आहे. रिसीव्हरवरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात असतो त्या मधल्या सांगाड्यावरच्या, नंबराच्या शेवटी ‘व्ही’ असेल तर तो बारा बोअर ७० मिमीसाठी आहे, ‘एम’ असेल तर ७६ मिमी मॅग्नमसाठी. ‘व्ही’च्या रिसीव्हरवर मॅग्नम नळी सहज बसते, पण आतला इजेक्टर आखूड पुंगळीच्या हिशेबाने बसवलेला असतो. लांब पुंगळी खिडकीत अडकते. नळी बदलली म्हणून बंदूक मॅग्नम होत नाही.

कोकणात शेतीसंरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्यांच्या घरी काडतुसं पावसाळाभर पडून असतात. कागदी काडतूस दमट हवेत फुगतं, टोपीवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. नळी काढून काडतूस चेंबरमध्ये सोडून बघा. स्वतःच्या वजनाने आत जाऊन तसंच बाहेर आलं तर ठीक. अंगठ्याने ढकलावं लागलं तर ते वापरू नका, पुसूनही नाही.

तेल ओतून चेंबर साफ झालं असं समजणं

नळी आरपार चमकते म्हणजे चेंबर स्वच्छ, असं नाही. चेंबर नळीपेक्षा रुंद असतं, त्यामुळे नळीचा ब्रश त्याच्या भिंतींना जेमतेम टेकतो. वितळलेल्या प्लॅस्टिकचा आणि बारुदाचा थर तिथे वर्षानुवर्षं साचतो. चेंबरसाठीचा जाड ब्राँझ ब्रश घ्या, बोअर सॉल्व्हंटमध्ये भिजवा, मागच्या बाजूने घालून एकाच दिशेने फिरवत पंधरा-वीस फेरे द्या, दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा करा. कापडावर काळं येणं थांबेपर्यंत हेच. शेवटी चेंबर कोरडं पुसा. आत राहिलेलं तेल धूळ धरतं, शिवाय पुंगळी भिंतीला न टेकता मागे सरकते आणि सगळा दाब बोल्टवर येतो.

साफ करूनही भिंतीवर गोल-गोल ओरखडे दिसत असतील, तर ते कारखान्यात चेंबर कोरणाऱ्या रीमरचे आहेत. १९८७ नंतरच्या ८७० एक्स्प्रेसमध्ये हे बरेचदा आढळतं. जुन्या ८७० विंगमास्टर मॉडेलचं चेंबर सहसा गुळगुळीत असतं. यावर गनस्मिथने करायचा उपाय म्हणजे ०००० नंबरची स्टील वूल ब्रशला गुंडाळून, तेल लावून, ड्रिलवर सावकाश अर्धा-एक मिनिट फिरवणं, आणि मग काडतूस घालून तपासणं. फक्त चकाकी आणायची आहे, माप वाढवायचं नाही. सँडपेपर लावला तर माप वाढतं. गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश करून काहीच साधत नाही, तिथे नळीच बदलावी लागते.

एक्स्ट्रॅक्टरची आकडी कानसणं

बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. अ‍ॅक्शन अर्धी उघडा, मॅगझिनची, म्हणजे नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्याची, टोपी काढा, नळी ओढून घ्या. मग खालून कॅरिअर (काडतूस वर उचलणारी पट्टी) वर ढकला, डावा शेल लॅच (मॅगझिनमधलं काडतूस अडवून धरणारी पट्टी) दाबून धरा आणि फोरएंड पुढे ओढा. बोल्ट सोबत बाहेर येतो.

एक्स्ट्रॅक्टर बोल्टच्या उजव्या बाजूला असतो. आधी त्याच्या आकडीखालचा कचरा टाचणीने काढा. प्लॅस्टिकचा एक कण पुरतो, आकडी पूर्ण आत वळत नाही आणि पकड जाते. मग डमी (बारूद नसलेल्या) काडतुसाची रिम आकडीखाली सरकवा आणि बोल्ट आडवा धरून हलकेच हलवा. काडतूस तसंच राहिलं पाहिजे. लोंबकळलं किंवा गळून पडलं, तर स्प्रिंग थकली आहे किंवा आकडीची धार गोल झाली आहे.

थकलेली स्प्रिंग ताणून लांब करू नका, दोन दिवसांत ती पुन्हा बसते. आकडी कानसूही नका, तिचा कोन बदलला की ती रिमवरून सटकते. एक्स्ट्रॅक्टर, प्लंजर (स्प्रिंगने दाबली जाणारी खुंटी) आणि स्प्रिंग तिन्ही एकत्र, बोअर सांगून मागवा आणि गनस्मिथकडून बसवून घ्या. काढताना बोल्ट पारदर्शक पिशवीत धरून बारीक स्क्रूड्रायव्हरने प्लंजर मागे दाबतात, नाहीतर स्प्रिंग उडून हरवते.

इजेक्टर मात्र रिसीव्हरच्या डाव्या भिंतीला रिव्हेटने ठोकलेला असतो. तो बोटाने हलत असेल तर घरी हातोडी घेऊ नका.

कॅरिअरचा अडथळा पुंगळीच्या माथी मारणं

जुन्या ८७० मध्ये मॅगझिनमधलं काडतूस कधीकधी लॅच चुकवून कॅरिअर आणि बोल्टच्या मध्ये सरकतं आणि अ‍ॅक्शन कुलूपबंद होते. चेंबर तेव्हा रिकामं असू शकतं. १९८० च्या दशकात कंपनीने कॅरिअरला खाच पाडून, फ्लेक्सी-टॅब ही लवचीक पट्टी बसवून यावर उपाय केला. खालून पाहिल्यावर कॅरिअर सलग, बिनखाचेचा दिसला तर तुमची बंदूक त्याआधीच्या रचनेची आहे. कॅरिअर आणि स्लाइड (बोल्टखालचा सरकता भाग) दोन्ही मिळून बदलता येतात.

दुरुस्तीनंतर आधी दहा डमी काडतुसं सावकाश आणि मग झटक्यात चालवा. नंतर रेंजवर पंचवीस बार करा आणि प्रत्येक पुंगळीची रिम चाचपून बघा. सगळ्यांवर सारखीच, हलकी खूण आली की काम झालं.