विचारांची आणि जेवणाची घडी कशी बसवावी: कोकणातल्या घरांसाठी

तब्येत सुधारायची म्हटले की बहुतेक माणसे एकदम सगळेच बदलायला निघतात. भात बंद, साखर बंद, पहाटे पाचला उठणे सुरू, आणि त्यावर ‘आजपासून वाईट विचार मनात आणायचा नाही’ असा निश्चय. पंधरा दिवसांत यातले फारसे काही उरत नाही, आणि ‘आपल्याला काहीच जमत नाही’ हा आणखी एक विचार मात्र मनात घर करतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरात राहणाऱ्यांनी असा खटाटोप करण्याची गरज नाही. चांगल्या आहाराला लागणारे जवळजवळ सगळे जिन्नस इथल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत. बदलायचे आहे ते त्यांचे प्रमाण, खाण्याची वेळ आणि त्या वेळी मनात चाललेला विचार.

सुरुवात दिवसातल्या एकाच टप्प्यापासून करावी, आणि माझ्या मते तो टप्पा म्हणजे दुपारच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा. विचारांचे आणि खाण्याचे दोन्ही बिघाड याच वेळेत एकमेकांना धरून येतात. कामे उरकलेली असतात, मुले मुंबई-पुण्याला असतात, पावसाळ्यात चार वाजताच अंधारून येते, वीज जाते, आणि हातात चहाचा कप व समोर खारी-बटर किंवा फरसाणाचा डबा असताना मन मुलाची नोकरी, जमिनीच्या हिश्शाचा वाद, गुडघ्याचे दुखणे अशा विषयांभोवती फिरू लागते. यातली भूक कितपत खरी आणि चिंता कितपत, हे आपले आपल्यालाच कळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता फक्त नोंद ठेवावी. एका साध्या वहीत, संध्याकाळी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्या वेळी मनात काय चालले होते, एवढे तीन-चार ओळींत लिहावे.

वहीतले तीन रकाने

दुसऱ्या आठवड्यापासून त्याच वहीत तीन रकाने आखावेत: काय घडले, मनात काय आले, आणि त्यामुळे काय वाटले किंवा आपण काय केले. ही मांडणी मानसोपचारातून आलेली आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि एरन बेक यांनी १९६० च्या दशकात, घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ आपल्याला अधिक अस्वस्थ करतो, या निरीक्षणावर आपापल्या उपचारपद्धती उभ्या केल्या. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात रुजवण्याचे काम कि. मो. फडके यांनी केले, त्यामुळे तिची परिभाषा मराठीत तयार आहे आणि सामान्य वाचकालाही ती अवघड जात नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलाचा दोन दिवस फोन आलेला नाही, ही घटना. ‘त्याला आता आपली गरज उरली नाही’ हा मनात आलेला विचार. परिणाम असा की रात्री जेवण गेले नाही, आणि दहा वाजता चहासोबत अर्धा पुडा बिस्किटे संपली. आता मधल्या रकान्यातल्या वाक्यालाच प्रश्न विचारायचे. याला आधार काय? मागच्या महिन्यात तो किती वेळा बोलला? दोन दिवस आपल्याच गावात नेटवर्क होते का? शेजारच्या काकींनी हेच आपल्याला सांगितले असते, तर आपण त्यांची समजूत कशी घातली असती? यातून निघणारे उत्तर तिथेच खाली लिहावे, आणि ते गोड असण्यापेक्षा खरे असावे. ‘तो कामात असेल, मला त्याची आठवण येते आहे, मीच आज आठ वाजता फोन करीन’ हे वाक्य पुरेसे आहे. ‘सगळे छान आहे’ असे लिहिण्याचा काही उपयोग नाही, कारण मन ते मानत नाही.

इथे एक गोष्ट फार काळजीपूर्वक समजून घ्यायला हवी. त्रास देणारा प्रत्येक विचार चुकीचा नसतो. ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस पडून हापूसचा मोहोर काळा पडला, तुडतुडे आणि फुलकिडे यांच्या फवारणीवर केलेला खर्च वाया गेला, तर ‘यंदा नुकसान झाले’ हा विचार शंभर टक्के खरा आहे, आणि त्या बागायतदाराला सकारात्मक विचार करायला सांगणे म्हणजे त्याच्या दुःखाचा अपमान करणे आहे. अशा वेळी तिसऱ्या रकान्याच्या पुढे पान दोन भागांत विभागावे. डाव्या बाजूला आज किंवा उद्या हाताने करता येईल अशी कामे लिहावीत: तलाठी आणि कृषी सहायक यांना पंचनाम्यासाठी कळवणे, फळपीक विम्याचे कागद शोधणे, सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याबद्दल सचिवांशी बोलणे. उजव्या बाजूला ज्यावर आपला काही इलाज नाही ते लिहावे: आभाळ, वाशी बाजारातला दर, शेजाऱ्याची बाग वाचली हे. डाव्या बाजूचे एक तरी काम दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत करावे. उजव्या बाजूचे विषय मनात येणारच, पण ‘नुकसान झाले’ या खऱ्या वाक्याला ‘म्हणून मी नालायक आहे, आता सगळे संपले’ हे खोटे शेपूट कधी जोडले गेले, ते लिहिताना डोळ्यांना दिसते आणि तिथे थांबता येते.

ज्यांचे विचार रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू होतात, त्यांनी चिंतेसाठी वेळ ठरवून द्यावी. दिवेलागणीच्या आधी वीस मिनिटे ओटीवर किंवा पडवीत बसून वही उघडावी आणि जे छळते ते सगळे तिथेच उतरवावे. दिवसभरात एरवी तो विषय आला की ‘हे संध्याकाळच्या पानावर’ असे मनाशी म्हणून हातातल्या कामाकडे वळावे. पहिले काही दिवस मन ऐकत नाही, तरी सोडू नये. वही मात्र झोपण्याच्या खोलीत नेऊ नये.

ताटात काय आणि किती

आहाराचा मनावर परिणाम होतो का, याची तपासणी ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नैराश्याचे ६७ रुग्ण होते. काहींना १२ आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळाले, तर इतरांना तेवढाच काळ गप्पागोष्टींची सोबत. आहार सुधारलेल्या गटात सुमारे ३२ टक्के रुग्ण नैराश्याच्या मर्यादेबाहेर आले, दुसऱ्या गटात ८ टक्के. चाचणी लहान होती आणि बहुतेकांचे इतर उपचारही चालू होते, म्हणून त्यावरून औषधे सोडण्याचा अर्थ कोणीही काढू नये. त्या रुग्णांना सांगितलेले पदार्थ मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहेत: अख्खी धान्ये, भाज्या, फळे, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल. यातले ऑलिव्ह तेल वगळले तर उरलेली यादी आपल्या आठवडी बाजारात मिळते.

भात सोडू नये. तो कमी करावा आणि शक्य तिथे उकड्या तांदळाचा करावा. भात कांडण्यापूर्वी उकडला जातो तेव्हा कोंड्यातील ब गटातील जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्याच्या आत शिरतो आणि कांडल्यानंतरही टिकून राहतो, त्यामुळे सकाळची उकड्या तांदळाची पेज हा बेकरीच्या पावापेक्षा कितीतरी चांगला नाश्ता आहे. दुपारच्या ताटात निम्मी जागा भाजी व कोशिंबिरीला, पाव भाग मासे, डाळ किंवा उसळीला आणि उरलेला पाव भाग भाताला द्यावा. ताट वाढताना भात शेवटी वाढला तर हे प्रमाण आपोआप साधते, कारण आधी भाताचा ढीग झाला की भाजीला कडेची चिमूटभर जागा उरते.

रात्रीच्या भाताऐवजी आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची भाकरी करावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांतून प्रौढ माणसाच्या रोजच्या १००० मिलिग्रॅमच्या गरजेचा तिसरा हिस्सा भागतो. दात नसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी आंबील सोयीची पडते. माणशी दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी दीड वाटी पाणी उकळून त्यात हे मिश्रण धार धरून सोडावे आणि गुठळी होऊ न देता मंद आचेवर सात-आठ मिनिटे ढवळावे. पिठाचा कच्चा वास गेला आणि आंबील चमच्याला धरू लागली की उतरवून, कोमट झाल्यावर ताक, जिऱ्याची पूड आणि अगदी थोडे मीठ घालावे. ताक गरम आंबिलीत घातले तर फुटते.

माशांत महागड्या पापलेट-सुरमईपेक्षा बांगडा आणि तारली यांना पहिली पसंती द्यावी. हे तेलकट मासे आहेत, आणि हृदयाला व मेंदूला उपयोगी अशी ओमेगा-३ स्निग्धाम्ले त्यांत भरपूर असतात. आठवड्यातून दोन-तीनदा ते कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात करावेत; रवा लावून तेलात बुडवून तळले की त्यांचे अर्धे मोल जाते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि घरोघर सुक्या बांगड्याचे, बोंबलाचे डबे उघडतात. सुक्या मासळीत मीठ फार असते. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, पाणी फेकून द्यावे आणि मग त्या कालवणात वेगळे मीठ घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चहाचमचाभर. सुके, लोणचे आणि पापड एकाच ताटात आले तर ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. या दोन महिन्यांत कुळथाची पिठी, वालाची उसळ, चवळी आणि अंडी यांचा आधार घ्यावा. शिवाय टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी या रानभाज्या याच दिवसांत उगवतात. त्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्याव्यात, आणि अळू शिजवताना आमसूल किंवा चिंच विसरू नये, नाहीतर घसा खवखवतो.

नारळाबद्दल लोक टोकाचे बोलतात. वाटपात ओले खोबरे असले तर फोडणीचे तेल निम्मे करावे, एवढाच नियम पाळावा. कोकमाच्या बाबतीत मात्र बाटलीवरचे नाव वाचावे: अमृत कोकमात साखर भरपूर असते, आगळात मीठ. चार-पाच आमसुले पाण्यात भिजवून कुस्करली की दोन्हींशिवाय पन्हे तयार होते.

चहा सोडण्याचा आग्रह नाही. फक्त तो जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर टाळावा, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. आणि झोपेची तक्रार असणाऱ्यांनी संध्याकाळी पाचनंतर तो घेऊ नये. चारच्या चहाबरोबर खारीऐवजी भाजलेले शेंगदाणे, चणे किंवा एखादे केळे ठेवावे, आणि फरसाणाचा डबा वरच्या फळीवर जाऊ द्यावा.

सवय अंगवळणी पडण्यासाठी

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी कृती आपोआप घडू लागण्यास कोणाला १८ दिवस लागतील, तर कोणाला २५४. मधला आकडा ६६ निघाला. मला त्यातला सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष हा वाटतो की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. गणपतीत मोदक खाल्ले, शिमग्याला जागरण झाले, तर दुसऱ्या दिवशी जिथे होतो तिथून पुढे चालावे. भरपाई म्हणून उपास करू नये. प्रत्येक नवी कृती घरात आधीच ठरलेल्या कृतीला बांधावी. गॅसवर चहाचे आधण ठेवले की शेंगदाण्यांची वाटी काढायची. तुळशीपुढे दिवा लावून झाला की पायांत चप्पल घालायची आणि वाडीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. पाऊस असेल तर पडवीत किंवा माजघरातून ओटीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे फेऱ्या मारायच्या. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे एवढे उद्दिष्ट त्यातून सहज पुरे होते. शेजारच्या कोणाला हाक मारून बरोबर नेता आले तर चालण्याइतकाच फायदा बोलण्याचा होतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

संध्याकाळी रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद करू नये. हातपाय थरथरणे, भ्रम होणे, फिट येणे असे धोके असतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात कमी करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, नाहीतर रक्तातली साखर अचानक उतरू शकते. सतत थकवा आणि उदासी असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब-१२ या तपासण्या करून घ्याव्यात, कारण यांतल्या कमतरतेचे दुखणे मनाच्या दुखण्यासारखे दिसते आणि वहीने ते बरे होत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप किंवा भूक पार उडाली असेल, तर आहार आणि वही यांवर विसंबून राहू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार एकदाही मनात आला तर त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, आणि रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाण्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही, आणि घरच्यांनीही ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने माणसाला अडवून ठेवू नये. जाताना वहीतली शेवटच्या दोन आठवड्यांची पाने सोबत न्यावीत. झोप, जेवण आणि विचार यांची तारीखवार नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि गावठी औषध घेत असल्यास तेही दाखवावे.