जुना रुपया झिजला आहे की नुसता काळवंडला आहे?

देवघरातल्या डब्यात व्हिक्टोरिया राणीचा रुपया सापडला, तर तो नाशिकच्या सराफ बाजारात नेण्याआधी त्याची प्रत, म्हणजे तो किती झिजला आहे, हे घरीच पाहता येते. नाणे कडेने धरून, एका बाजूने येणाऱ्या उजेडात हळूहळू फिरवावे आणि आधी राणीचा गाल व कानावरचे केस पाहावेत, कारण झीज अशा उंचवट्यांपासूनच सुरू होते. केसांच्या बटा सुट्या दिसत असतील तर प्रत चांगली, त्या सपाट झाल्या असतील तर सालाचे आकडे कितीही ठसठशीत असले तरी उतरलेली. माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीच्या डाखाची (धातूच्या जोडाची) खूण काठावर आहे का, हेही पाहावे. तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. झीज वजनावरूनही ताडता येते: नाण्याचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने एक तोळा.

नाणे चिंचेने किंवा राखेने मात्र घासू नये, कारण संग्राहकाला घासून चकचकीत केलेल्या नाण्यापेक्षा काळवंडलेलेच अधिक मोलाचे वाटते.