दुधातल्या ‘इंजेक्शन’ची भीती : गावातले दूध लेकरांसाठी कसे पारखावे

नवव्या-दहाव्या वर्षी मुलीला पाळी आली की विदर्भातल्या खेड्यांत आज पहिला संशय दुधावर घेतला जातो, आणि पुष्कळ घरांत गवळ्याचा रतीब बंद करून विषय संपवला जातो. असा निर्णय घेण्यापूर्वी ज्याला आपण सरसकट ‘इंजेक्शन’ म्हणतो, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत हे समजून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे गाईचे वाढ संप्रेरक (ग्रोथ हार्मोन). ते दर १४ दिवसांनी टोचून दूध वाढवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली. कॅनडाने १९९९ मध्ये ती नाकारली आणि युरोपीय संघानेही बंदी घातली, पण या दोन्ही ठिकाणी मुख्य कारण गाईंना होणारा कासदाह (कासेला सूज येण्याचा आजार) आणि लंगडेपणा हे होते. हे संप्रेरक प्रथिन असल्याने मुलाच्या पोटात ते इतर प्रथिनांसारखे पचून जाते, आणि गाईचे वाढ संप्रेरक माणसाच्या शरीरावर कामही करत नाही. शिवाय त्याचा फायदा भरपूर खुराक खाणाऱ्या, जास्त दुधाच्या गाईंतच मिळतो. कुटारावर (सुक्या भुशावर) जगणाऱ्या आणि मोजकेच दूध देणाऱ्या आपल्या गवळाऊ जातीच्या गाईवर कोणी हा खर्च करील, असे मला तरी वाटत नाही.

आपल्याकडच्या गोठ्यात जे टोचले जाते ते ऑक्सिटोसिन. त्याने दूध वाढत नाही, फक्त पान्हा सुटतो; वासरू कासेला ढुसण्या देते तेव्हा गाईच्या शरीरात हेच संप्रेरक आपोआप स्रवते. रक्तात त्याचा प्रभाव काही मिनिटांचाच असतो आणि दुधातून पोटात गेलेला अंश पचून जातो, त्यामुळे त्याने मुली लवकर वयात येतात या समजाला आधार सापडत नाही. मात्र यावरून ते निर्दोष ठरत नाही. रोज टोचलेल्या जनावराला त्याची सवय जडते आणि वासरू लुचत असतानाही असे जनावर पान्हा चोरते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि दूध काढण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. बाळंतपणातील रक्तस्राव थांबवण्यासाठी हेच औषध लागते, म्हणून खासगी कंपन्यांना त्याचे उत्पादन करण्यास केंद्र सरकारने २०१८ मध्ये केलेली मनाई दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द केली. गवळ्याबद्दल शंका असेल तर न सांगता एखाद्या दिवशी धारेच्या वेळी गोठ्यात जावे. वासरू सोडले जाते का, गाय शांतपणे पान्हा सोडते का, खुंट्यापाशी सुई किंवा बिनलेबलाची बाटली पडली आहे का, एवढे पाहिले तरी बरेचसे कळते.

मुलांच्या आरोग्यासाठी माझ्या मते याहून जास्त लक्ष ढेपीकडे, म्हणजे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीकडे, द्यायला हवे. विदर्भ हा कापसाचा मुलूख असल्याने दुभत्या जनावराला सरकीची ढेप घालणे ही घरोघरची रीत आहे, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या ढेपीवर जी बुरशी वाढते तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. जनावराने ते खाल्ले की त्याचा अंश एक-दोन दिवसांत दुधात उतरतो, आणि दूध कितीही उकळले तरी तो जात नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ही मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी आहे. म्हणून पोते उघडल्यावर हात थेट तळापर्यंत घालावा. ढेप गरम लागली, कुबट वास आला, गठ्ठे फोडल्यावर आत हिरवट-पिवळी भुकटी दिसली, तर ती उन्हात वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, तयार झालेले विष मात्र तसेच राहते. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि पावसाळ्यात एका वेळी थोडीच ढेप आणावी. खराब ढेप बंद केली की साधारण तीन-चार दिवसांत दूध सुधारते.

कासदाह झालेल्या जनावराच्या सडात प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) ट्यूब सोडली असेल, तर औषधावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत चारही सडांचे दूध घरी किंवा डेअरीत देऊ नये. एकाच सडात औषध सोडले म्हणून बाकीच्या तीन सडांचे दूध चालते, असे नाही. उकळण्याने हा अंशही पुरता जात नाही. क्षयाचे आणि ब्रुसेलोसिस या जनावरांपासून माणसाला होणाऱ्या आजाराचे जंतू मात्र उकळीने मरतात, म्हणून धारोष्ण दूध पौष्टिक असते या समजुतीने लेकरांना कच्चे दूध पाजू नये. वर्षाच्या आतील बाळाला आईच्या दुधाऐवजी गाईचे दूध देऊ नये. मोठ्या मुलांनाही भाकरी-वरणाची भूक मरेल इतके दूध पाजू नये, कारण दुधात लोह फार कमी असते.

राहिला प्रश्न लवकर वयात येण्याचा. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर दूध बंद करून वाट पाहत बसू नये. वाढलेले वजन, घराण्यातील कल आणि क्वचित मेंदूतील किंवा ग्रंथींमधील आजार ही त्यामागची कारणे असू शकतात. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवावे, किंवा नागपूर, अकोला, यवतमाळ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात न्यावे. जाताना शाळेत नोंदवलेली मागील वर्षांची उंची आणि वजन सोबत घ्यावे. तेथे हाडांचे वय पाहण्यासाठी बहुधा डाव्या हाताचा एक्स-रे काढतात आणि गरज असेल तर रक्त तपासतात.