वेबपेज बनवण्याआधी मोबाईल कागदावर ठेवा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या काकूंच्या दिवाळी फराळाचं वेबपेज बनवताना तीनदा मोडून पुन्हा केलं. दरवेळी कोणी ना कोणी म्हणायचं, ‘भाव वर घ्या, फोटो खाली न्या.’ चौथ्यांदा आधी कागद घेतला आणि पाऊण तासात सगळं ठरलं.

१. ए४ कागद आडवा ठेवा, त्यावर आपला मोबाईल उभा ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारा. पहिला पडदा तेवढाच. शेजारी तशाच आणखी दोन चौकटी काढा, म्हणजे पान खाली सरकवल्यावर दिसणारे पुढचे पडदे.

२. नाव, फोटो, भाव, फोन नंबर, पत्ता, प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी कापा. चिठ्ठीवर खरा मजकूर लिहा, ‘इथे माहिती येईल’ असं नको. बडोद्यात मराठीबरोबर गुजरातीही लागतं, म्हणून दोन्ही लिहून पाहा आणि जो मजकूर लांब होईल त्याच्या मापाने जागा सोडा. माझी सगळ्यात जास्त मोडतोड इथेच झाली होती.

३. चिठ्ठ्या चौकटींत मांडा, हलवा. बटणाची चिठ्ठी ९ मिलिमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर बोट भलतीकडे पडतं.

४. ज्यांना पान वापरायचंय त्यांना विचारा, ‘ऑर्डर द्यायला कुठे दाबाल?’ आणि गप्प बसा. बोट अडखळलं की चिठ्ठी सरकवा.

५. जमलं की कागदाचा फोटो काढा. मगच कॉम्प्युटर उघडा.

एक सांभाळा: फोन नंबर आणि भाव फोटोत छापू नका, मजकूर म्हणूनच टाका. फोटोतल्या नंबरावर दाबून सहसा थेट फोन लागत नाही, आणि तुपाचे भाव वाढले की पूर्ण फोटो पुन्हा करावा लागतो.