करक्युमिन सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये बसवताय? मग या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडं एमएस्सीच्या प्रोजेक्टला करक्युमिन (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) आणि बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्या कड्याचा रेणू) घेणारं कुणी ना कुणी असतंच, आणि घ्यावंच, कारण हळद आपल्या दारात आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, शिवाय करक्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि सायक्लोडेक्स्ट्रिनच्या सात ग्लुकोजच्या रिंगला आत अशी पोकळी असते की पाण्याला टाळणारे रेणू तिथं जाऊन बसतात. विषय झकास आहे. पण "कॉम्प्लेक्स तयार झाला", म्हणजे करक्युमिन पोकळीत बसलं, हे वाक्य रिपोर्टात फार लवकर येतं. नुसतं मिसळलं आणि आत बसलं यात फरक आहे, आणि तो दाखवल्याशिवाय प्रोजेक्ट पूर्ण होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त घोळ विद्राव्यतेत होतो. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन २५ अंशाला १०० मिली पाण्यात जेमतेम १.८५ ग्रॅम विरघळतं, म्हणजे साधारण १६ मिलीमोलर. पोरं ५० मिलीमोलर करायला घेतात, गरम केलं की विरघळतं, मग रात्रभर ठेवल्यावर तळाशी पिवळसर खडे बसतात आणि तेच गाळून वाळवून कॉम्प्लेक्स म्हणून बाटलीत भरलं जातं. त्यात बरंचसं नुसतं सायक्लोडेक्स्ट्रिनच असू शकतं, वरून करक्युमिन चिकटलेलं. जास्त काँसंट्रेशन हवंच असेल तर हायड्रॉक्सीप्रोपिल गट जोडलेलं बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घ्या, ते पाण्यात भरपूर विरघळतं. आणि वजन करताना लक्षात ठेवा, बाटलीतल्या पावडरीत पाणी असतं, दहा टक्के किंवा जास्तही, त्यामुळे ११३५ मॉलिक्युलर वेट धरून सरळ मोजलं तर मोलॅरिटी कमीच भरणार. लॉस ऑन ड्राइंग, म्हणजे वाळवल्यावर वजन किती घटतं ते, काढा आणि ते धरून हिशोब करा.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. डीएससीत (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) करक्युमिनचा १८३ अंशाच्या आसपासचा वितळण्याचा पीक गेला की सगळे खूश होतात, पण करक्युमिन नुसतं अमॉर्फस (स्फटिक नसलेलं) झालं तरी तो पीक जातो, म्हणून त्याच रेशोचं फिजिकल मिक्स्चर, न घोटता फक्त स्पॅच्युलानं हलवलेलं, आणि त्याच प्रोसेसमधून काढलेलं एकटं करक्युमिन, दोन्ही शेजारी चालवा. एफटीआयआरलाही (इन्फ्रारेड वर्णपटाला) तेच. एनएमआरसाठी (चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल बघणारी चाचणी) सॅम्पल बाहेर पाठवायला पैसे जातात, तेव्हा आधीच ठरवा की सॉल्व्हंट कुठलं, कारण डीएमएसओत सगळं छान विरघळतं पण करक्युमिनला पोकळीत राहायचं कारणच उरत नाही. डी-टू-ओमध्ये (जड पाण्यात) घ्या आणि सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत आतल्या बाजूला असलेल्या एच-३ आणि एच-५ या हायड्रोजनचे सिग्नल सरकले का ते बघा, रोएसी (कुठले हायड्रोजन एकमेकांजवळ आहेत ते दाखवणारा एनएमआर) मिळाला तर उत्तमच. डॉकिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर रेणू पोकळीत बसवून काढलेलं, रंगीत चित्र शेवटी जोडा, पुरावा म्हणून नको.

सायक्लोडेक्स्ट्रिनची पोकळी डोळ्यांना दाखवणारी फिनॉल्फथॅलिनची (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या रंगद्रव्याची) टेस्ट मला फार आवडते. साधारण १०.५ पीएचला गुलाबी रंग, बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन टाकलं की फिका पडतो, मग अॅडामँटेनचं कार्बोक्सिलेट टाकलं की ते फिनॉल्फथॅलिनला बाहेर काढतं आणि गुलाबी परत येतो, डोळ्यासमोर. पण करक्युमिनला ही टेस्ट लावू नका! अल्कलीत ते स्वतःच लाल होतं आणि तुटतंही. ३७ अंशाला ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्येसुद्धा (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) अर्ध्या तासात बहुतेक गायब होतं. त्यामुळे आम्लधर्मी बफर, फॉइल गुंडाळलेल्या बाटल्या, आणि रीडिंग उद्यावर ढकलायचं नाही.

फेज सोल्युबिलिटीचा ग्राफ (सायक्लोडेक्स्ट्रिन वाढवत गेल्यावर किती करक्युमिन विरघळतं त्याचा) काढताना इंटरसेप्टवरून एस-नॉट (सायक्लोडेक्स्ट्रिनशिवायची विद्राव्यता) घेऊन के (रेणू किती घट्ट बसतो ते सांगणारा स्थिरांक) काढू नका. करक्युमिनचा एस-नॉट इतका बारीक आहे की रेषा जरा हलली तर के कैक पटीनं बदलतो, कधी निगेटिव्हसुद्धा येतो. एस-नॉट वेगळा मोजा. शिवाय के काढायचं ते नेहमीचं सूत्र एका करक्युमिनला एकच सायक्लोडेक्स्ट्रिन धरून आहे, आणि करक्युमिनच्या दोन्ही टोकांना एकेक सायक्लोडेक्स्ट्रिन बसू शकतं, तेव्हा ग्राफ वर वाकला तर त्याच्यावर सरळ रेषा दाबून बसवू नका. इथेनॉलमध्ये विरघळवून टाकत असाल तर ब्लँकमध्ये (करक्युमिन नसलेल्या तुलनेच्या द्रावणात) तेवढंच इथेनॉल हवं. फिल्टर केलं की पहिले एक-दोन मिली फेकून द्या, फिल्टर करक्युमिन धरून ठेवतो.

आणि जे सायक्लोडेक्स्ट्रिनऐवजी कुकुरबिट्युरिलकडं (पोकळी असलेला दुसरा कड्यासारखा रेणू) वळताहेत त्यांनी सोडियमच्या बफरचा विचार आधी करावा. त्याच्या तोंडाशी असलेल्या कार्बोनिलना सोडियम चिकटतो, गेस्टला (पोकळीत बसणाऱ्या रेणूला) जागा कमी पडते आणि के खाली येतो, म्हणून रिपोर्टात के च्या शेजारी बफर, मीठ आणि टेंपरेचर लिहिलंच पाहिजे.